परकराचा खिसा

डाव्या मांडीवर हात दाबून चालायचं आणि तो हात कुणाच्या नजरेला येऊ द्यायचा नाही, हे मी आठव्या वर्षापर्यंत शिकले होते. पोलिओमध्ये माझ्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू गेला. गुडघा ताठ धरायचं काम त्याचं. तो नसला की त्या पायावर भार दिला रे दिला, गुडघा पुढे दुमडतो आणि माणूस खाली येतो. म्हणून हाताने मांडी मागे रेटायची, गुडघा ताठ झाला की तेवढ्यात उजवा पाय टाकायचा. माझ्या पिढीत असं वाकून, मांडीवर हात ठेवून चालणारी माणसं प्रत्येक गावात दोन-चार तरी होती. पोरं मागून तशीच चालून दाखवायची.

आईने यावर उपाय काढला. माझ्या शाळेच्या परकराला डाव्या बाजूने खिसा शिवला आणि खिशाची पिशवी लावलीच नाही, नुसती फट ठेवली. बघणाऱ्याला वाटावं पोरगी ऐटीत खिशात हात घालून चाललीय. आत हात थेट मांडीवर. पुढे साडी नेसायला लागले तेव्हा लांब पट्ट्याची पर्स डाव्या खांद्याला लावायची आणि पर्स सावरल्यासारखं करून मांडी दाबायची, ही युक्ती माझी मी काढली. चांभाराकडून डाव्या चपलेला दीड इंच जादा तळ लावून घेतला. साडीच्या घोळात तोही झाकला जातो. नवीन ओळखीच्या माणसाला माझी चाल ‘जरा लचकल्यासारखी’ वाटते, एवढंच. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मी १९७७ सालची. आमचा भाग दुष्काळी, माणदेशाच्या कडेचा. पोलिओचे थेंब आमच्याकडे पोचले तोवर माझा पाय गेलेला होता. चौदा महिन्यांची असताना ताप आला, तीन दिवसांनी ताप गेला आणि रांगता येईना. नवव्या वर्षी मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं, आखडलेली शीर मोकळी केली. त्यानंतर मी ताठ उभी राहू लागले. बारावी झाले, ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला, आणि आता गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. पद ऐकायला भारदस्त, पगार महिन्याला दोन हजार. घरात मी आणि आई. त्या दोन हजारांना जोड म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार येत. हे आकडे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळं टक्क्यांवर चालणार आहे आणि टक्के म्हणजे आमच्या घरी किराणा, हे ध्यानात राहावं.

माझ्याकडे १९९६ सालचं प्रमाणपत्र होतं. हाताने लिहिलेलं, फोटोवर अर्धा शिक्का, ‘अपंगत्व ५० टक्के, कायमस्वरूपी’. लॅमिनेट करून ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं त्या कागदावर भागलं. पण १ जून २०२१ पासून हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं द्यायची बंद झाली, सगळं ऑनलाइन झालं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, डॉक्टरांच्या बोर्डाने तपासायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. जुने कागदवाले आम्ही ‘बघू पुढे’ म्हणत बसलो. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर तहसीलमधून निरोप आला की यूडीआयडी क्रमांक दिल्याशिवाय अनुदान पुढे चालणार नाही.

त्याच सुमाराला एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून पेपर भरून वाहत होते. बोगस दिव्यांग, बोगस दाखले, तपासण्या. वाचनालयात रोज पेपर मीच मांडते, त्यामुळे ते सगळं मला पाठ झालेलं. एक नेहमीचे वाचक पेपर मिटत म्हणाले, “सगळेच खोटे असतात हो हे.” मग माझ्याकडे लक्ष गेलं तसं म्हणाले, “तुमचं नाही म्हणत, ग्रंथपालबाई.”

महा ई-सेवा केंद्रातल्या पोराने अर्ज भरून दिला. आधार, फोटो, सही, जुनं प्रमाणपत्र, सगळं स्कॅन. तीन महिन्यांनी मोबाइलवर तारीख आली. आमच्या जिल्ह्यात बोर्डाचा वार बुधवार.

त्या बुधवारची तयारी मी कशी केली ते आठवलं की आता हसू येतं. आदल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं. लग्नकार्यातली मोरपंखी साडी काढली. पर्सला पॉलिश केलं. मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं तर नीटनेटकं जावं, एवढंच डोक्यात. कागद जुनं प्रमाणपत्र सोडून दुसरा एकही नेला नाही. मला वाटलं पोलिओ आहे, पाय आहे, डोळे असलेल्या माणसाला दिसेलच.

सकाळी सातच्या गाडीने निघाले, साडेनऊला रुग्णालयाच्या खिडकीपाशी. खिडकीपुढे दीडशे माणसं असतील. पाठीवर पोरगं घेतलेल्या आया, कानाला यंत्र लावलेले, कुबडीवाले, एका म्हाताऱ्याला दोन नातवांनी खुर्चीसकट उचलून आणलेलं. केसपेपर, मग हाडांच्या डॉक्टरांची ओळ. माझा नंबर आला तेव्हा पावणेदोन वाजले होते. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यावर झोप नाही, बोलायला बरे. माझी सगळी तपासणी सहा-सात मिनिटांत झाली.

“चालून दाखवा.” मी चालले, दारापासून टेबलापर्यंत. पर्स सावरत.

“जिना चढता का?” “हो.”

“घरी खाली बसता का?” “बसते की.”

“पडता वगैरे?” “नाही हो.”

टेबलावर झोपवलं. चप्पल काढलेली. गुडघ्याखाली हात घालून म्हणाले, “माझा हात दाबा.” मी दाबला. “छान.” कागदावर काहीतरी लिहिलं. टेप काढला नाही. मी घरी आले तेव्हा आईने विचारलं कसं झालं, तर मी म्हणाले डॉक्टर चांगले होते, छान म्हणाले.

दोन आठवड्यांनी ई-सेवातल्या पोराने प्रमाणपत्र उतरवून दिलं. ३६ टक्के. तो म्हणाला, “ताई, चाळीसच्या आत आलंय.” २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चाळीसची रेघ मारतो, रेघेच्या वर असाल तर योजना, सवलती, आरक्षण, आणि खाली असाल तर नुसता एक कागद. पुढच्या महिन्यापासून दीड हजार थांबले.

एसटीतली गंमत मधल्या मध्ये सांगते. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते. मी कंडक्टरला आपणहून सांगितलं की आता माझं चाळीसच्या आत आलंय, सवलत बसत नाही. तो तिकीट फाडत म्हणाला, “मग काय झालं? महिला म्हणून अर्धं आहेच की!” २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पायावर मिळायचं ते गेलं आणि बाईपणावर उरलं. बाजूची बाई हसली, मीही हसले, आणि मग राखीव सीटवर बसावं की नाही या विचारात उभीच राहिले पुढच्या थांब्यापर्यंत.

माझी भाची फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने प्रमाणपत्र वाचलं आणि म्हणाली, “मावशी, टेबलाच्या कडेला बस. पाय लोंबता सोड. आता गुडघा सरळ कर.” मी केला. म्हणजे प्रयत्न केला. पाय जागचा हलला, वर आला नाही. मग तिने मला पलंगावर झोपवून गुडघ्याखाली हात घातला, अगदी त्या डॉक्टरांसारखा, आणि दाबायला लावलं. मी जोरात दाबलं. “हे तू मांडीच्या पुढच्या स्नायूने केलंच नाहीस,” ती म्हणाली. “कमरेमागच्या स्नायूने मांडी खाली रेटलीस, त्याने गुडघा सरळ झाला. चाळीस वर्षं तू हेच करत आलीयस. तुझं तुलाही कळत नाही.”

तिने स्नायूंचं बळ कसं मोजतात ते सांगितलं. शून्य ते पाच. पाच म्हणजे पूर्ण. चार म्हणजे समोरच्याने दाब दिला तरी थोडा तग धरतो. तीन म्हणजे दाब नाही, पण स्वतःचं वजन उचलतो. दोन म्हणजे वजनही उचलत नाही, आडवं ठेवलं तर सरकतो. चारला वीस टक्के बळ गेलं असं धरतात, दोनला साठ. माझ्या कागदावर बहुतेक चार पडलं असणार, आणि खरं तर मी दोनात बसते.

“तू हे खोटं दाखवायला सांगतेयस का मला?” मी विचारलं. पेपरातलं सगळं डोक्यात होतं.

“खोटं काही करायचं नाही गं. लपवायचं बंद कर, इतकंच.”

सांगायला सोपं. पण आधी अपील. कायद्याच्या कलम ५९ खाली प्रमाणपत्र देणाऱ्यांचा निर्णय पटला नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. हे मला तालुक्याच्या दिव्यांग संघटनेतल्या एका दादांनी सांगितलं. ते दोन्ही पायांनी अधू आहेत, तीन चाकांच्या स्कूटरवर फिरतात आणि त्यांच्याकडे एक फायलींची पिशवी असते. त्यांचं म्हणणं, मुदतीचा घोळ नको, महिन्याच्या आत अर्ज आत गेला पाहिजे असं धरून चाला. अर्ज साध्या कागदावर. पण जोडपत्रांना नंबर टाकायचे, प्रत्येक पानावर सही करायची, दोन प्रती न्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. “पोच नसली तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरं त्यांनी सुचवलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. माहिती अधिकारात अर्ज करून माझ्याच तपासणीचा तक्ता मागवायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, तीस दिवसांच्या आत दोन पानं आली, पानाला दोन रुपये. अपिलाचा अर्ज त्याआधीच दिला होता, तक्ता मागाहून जोडला.

तो तक्ता मी वाचनालयात, दुपारी कुणी नसताना वाचला. पायाच्या अपंगत्वाचे दोन भाग करतात. एक हालचाल आणि बळ. दुसरा स्थैर्य. स्थैर्याला नव्वद गुण, नऊ गोष्टींना प्रत्येकी दहा. सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं, वळणं. ही यादी ज्याने केली त्याने आपल्याकडची घरं पाहिलेली असावीत. संडास, देवघर, पंगत, सगळं त्यात आलंय. आणि या नवातल्या सात गोष्टींपुढे माझ्या नावावर ‘करू शकते’ असं लिहिलेलं होतं. चालून दाखवण्यापलीकडे एकही माझ्याकडून करवून घेतलेली नव्हती.

राग आला. पण मग आठवलं, ‘खाली बसता का’ला ‘बसते की’ कुणी म्हटलं होतं? मी बसते म्हणजे कशी बसते? भिंतीला पाठ लावून घसरत खाली जाते. उठताना पलंगाचा पाय धरते, नाहीतर आईला हाक मारते. जिना चढते म्हणजे कठडा असेल तर, एकेक पायरी, उजवा पाय आधी. हे सगळं माझ्यासाठी ‘बसणं’ आणि ‘चढणं’च आहे. दुसऱ्या तऱ्हेने कसं बसतात ते मला माहीतच नाही. डॉक्टरांनी विचारायला हवं होतं हे खरं. पण दीडशे माणसं आणि एक दुपार. मी सरळ उत्तर दिलं असतं तर त्यांनी तेच लिहिलं असतं.

तक्त्यातल्या एका रकान्यात पायाची लांबी होती. तिथे शून्य. माझा डावा पाय दीड इंचाने आखूड आहे, चपलेचा तळ पाहिला तरी कळतं. पहिला अर्धा इंच सोडतात, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के. म्हणजे माझे आठ टक्के नुसत्या टेपच्या अभावी गेले. ३६ अधिक ८ किती होतात ते मी पेन्सिलीने समासात लिहिलं आणि खोडून टाकलं.

बाकीची बेरीज मात्र अशी सरळ होत नाही. दोन भागांचे टक्के एकत्र करायचे तर मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. तीस आणि अठरा असतील तर अठ्ठेचाळीस होत नाहीत, बेचाळीस होतात. मी हे सूत्र वाचनालयाच्या जुन्या हजेरीवहीच्या मागे चार वेळा करून पाहिलं. गणितात मी बारावीपर्यंत काठावर पास. पण स्वतःच्या पायाचं गणित असलं की डोकं चालतं.

भाचीने मला एक वही दिली. चौदा दिवस लिहायचं. सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं, कशाला धरून केलं, किती वेळ लागला, नंतर काय दुखलं. चांगला दिवस असेल तर तोही लिहायचा, गाळायचा नाही. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘सकाळी उठले, आवरलं, वाचनालयात गेले.’ तिने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “हे तर कुणीही लिहील.” दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ घेऊन बसले. घर ते वाचनालय, पावलं मोजली तर चारशे दहा. इतर माणसाला पाच मिनिटं लागत असतील, मला चौदा, मध्ये पारावर एक बैठक. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी उजव्या हाताने दाराची कडी, डावा हात मांडीवर, मग बादली कोण उचलणार? आई भरून ठेवते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. दोन्ही दांड्या धरून उजवा पाय, मग डावा हाताने उचलून आत. संध्याकाळी मांडी जड होते, गेल्या पाच-सहा वर्षांत जास्तच. पोलिओ होऊन गेलेल्या बऱ्याच जणांना तीस-चाळीस वर्षांनी नव्याने बळ कमी व्हायला लागतं, थकवा येतो, हे भाचीकडून पहिल्यांदा कळलं. मी वयाला दोष देत होते.

सगळ्यात अवघड होती ती पडण्याची नोंद. चौदा दिवसांत एकदा पडले, न्हाणीपाशी. लिहिलं. मग मागचं आठवून लिहायचं होतं. जूनमध्ये वाचनालयाच्या पायरीवर. गणपतीत देवळाच्या ओल्या फरशीवर, तेव्हा नवीन पातळ फाटलं. आणि एकदा मधल्या गल्लीत, भर दुपारी, कुणी पाहिलं नाही म्हणून मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ‘नाही हो’ म्हणाले तेव्हा मी खोटं बोलले होते. लहानपणापासून हेच खोटं मी इतक्या वेळा बोललेय की ते तोंडातून आपोआप येतं.

मी हे मोठ्याने वाचत होते तेव्हा आई मेथी निवडत होती. मधल्या गल्लीचं ऐकून थांबली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू काय करणार होतीस?”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मी तो खिसा शिवायला नको होता.” मी म्हटलं, आई, त्या खिशामुळे मी शाळेत गेले. हे खरंच आहे. त्या खिशाशिवाय मी चौथीतच घरी बसले असते.

कागद गोळा केले. मिरजेच्या ऑपरेशनचा कागद ट्रंकेत सापडला, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, पण तारीख आणि पायाचं नाव शाबूत. दोन्ही पायांचा लांबी मोजायचा एक्स-रे काढला, त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. भाचीच्या कॉलेजमधल्या सरांनी स्नायूंची तपासणी करून लेटरहेडवर लिहून दिलं, गुडघा सरळ करण्याचं बळ दोन. जुने कपडे आवरताना भाचीला आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या सगळ्या परकरांचं कापड डाव्या मांडीवर एकाच जागी विरलेलं होतं, तळहाताएवढं. एकाला तर आरपार भोक. ती म्हणाली हाही घेऊन जा. मी म्हटलं, वेडी आहेस का, डॉक्टरांपुढे परकर काढून दाखवू? नेला नाही.

मार्चमध्ये अपिलाच्या तपासणीचं बोलावणं आलं, मोठ्या शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. आदल्या रात्री मी साडी काढून ठेवली आणि परत आत ठेवली. सलवार-कमीज घातली, जी मी घराबाहेर कधी घालत नाही. पर्सऐवजी कापडी पिशवी, ती भाचीच्या हातात. चप्पल तीच, जाड तळाची. बसस्टँडवर मांडीवर हात ठेवून उघड चालताना मला वाटत होतं सगळं स्टँड माझ्याकडे पाहतंय. कुणीही पाहत नव्हतं. एक पोरगा मोबाइलमध्ये बघत येऊन मलाच धडकला.

तीन डॉक्टर होते. मधल्या बाई वयाने मोठ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझी फाइल पानापानाने उलटली. वही मात्र दोन-तीन पानंच वाचली. चौदा दिवस घड्याळ लावून लिहिलेलं, जरा वाईट वाटलं. तक्ता मात्र त्यांनी नीट पाहिला. मग म्हणाल्या, “चला, बाहेर.”

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट करवून घेतली. रुग्णालयाचा स्ट्रेचर न्यायचा उतार होता, त्यावर चालवलं. जिन्याच्या पाच पायऱ्या, कठड्याला हात न लावता. दुसरीवर मी थांबले. अधू पायावर उभं राहा म्हणाल्या, राहता आलं नाही. खाली बसायला सांगितलं तेव्हा मी सवयीने भिंतीकडे वळले. त्या म्हणाल्या, “भिंत नको. मधे बसा.” मी म्हटलं, मधे मला नाही बसता येत. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं असेन. त्यांनी मान हलवली आणि बरोबरच्या डॉक्टरांना आकडा सांगितला, जसा वाणी वजन सांगतो.

मग टेबलाच्या कडेला बसवून पाय लोंबता सोडायला लावला. टेपने दोन्ही पाय मोजले, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत, दोनदा. शेवटी पुन्हा उभं केलं.

“आता दोन्ही हात वर करा. डोक्यावर. आणि चालत या माझ्याकडे.”

दोन्ही बाजूंना एकेक शिकाऊ डॉक्टर उभे केले. मी हात वर केले. पहिलं पाऊल डावं, ते पडलं. मग डाव्यावर भार आला आणि गुडघा गेला. शिकाऊ पोरांनी काखेत धरलं. बाई म्हणाल्या, “बास. हात खाली घ्या.” आणि मग जराशा खालच्या आवाजात, “कोणी शिकवलं होतं हाताचं?” मी म्हटलं, आईने.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, आधीच्या बोर्डात हे सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, मला कुणी हात वर करायला सांगितलं नाही. तेवढं म्हणताना आवाज चढला माझा. त्या लिहीत राहिल्या.

गाडीत भाची झोपली. मी खिडकीपाशी बसले होते, मांडी ठणकत होती आणि दोन दिवस ठणकत राहिली. घरी आईने पहिला प्रश्न विचारला, “पडलीस?” म्हटलं, धरलं त्यांनी.

निकाल यायला सात आठवडे गेले. या सात आठवड्यांत मी पोर्टल किती वेळा उघडलं असेल ते ई-सेवातला पोरगा सांगेल. शेवटी शेवटी मला पाहिलं की दुरूनच मान हलवायचा. मग एक दिवस हलवली नाही. ५६ टक्के, कायमस्वरूपी. कार्ड पोस्टाने आलं, चाळीस ते ऐंशीच्या आतल्यांना असते तशी पिवळी पट्टी. पोस्टमनने सही घेतली आणि विचारलं, काय आलंय? मी म्हटलं, पायाचं बिल.

तहसीलला कार्ड घेऊन गेले. कारकुनाने क्रमांक घातला, स्क्रीनकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे. कार्डावर वडिलांच्या नावात एक काना जास्त पडला आहे. आधारवर तो नाही. नाव जुळल्याशिवाय अनुदान सुरू होत नाही, दुरुस्तीचा अर्ज त्याच पोर्टलवर. मधल्या बंद महिन्यांच्या पैशांचं काय, असं विचारलं तर म्हणाले आधी नाव तर होऊ दे.

ई-सेवा केंद्रात गेले तर सर्व्हर बंद होता. पोरगा म्हणाला, ताई, उद्या अकराच्या आत या. येते म्हटलं. पायऱ्या उतरताना मांडीवर हात ठेवला, आणि सवयीने पर्स त्याच्यावर ओढून घेतली.